तीन दगड, तीन आकडे

मी खळीत मोरचूद घातला नाही. ही माझी पहिली चूक, आणि ती आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं सांगताना मी स्वतःला सांभाळून घेईन अशी मला भीती वाटते. पुस्तकं बांधणारे लोक कणकेच्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात. त्या निळ्या विषामुळे झुरळं आणि कसर कागदाला तोंड लावत नाहीत. मला हे माहीत होतं, आणि ज्यांचं काम मी करत होतो त्यांनी तसं करायला बजावूनही सांगितलं होतं. पण डबी रिकामी होती, लोणावळ्याचा पाऊस चार दिवस थांबला नव्हता, बाजारात जायचं तर रूळ ओलांडून जावं लागे. मी कंटाळा केला. त्यानंतर मी जे केलं त्याला चूक हा शब्द पुरत नाही.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि लोणावळ्याच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत होतो. घाटातली रेल्वे विजेवर चालणार अशी बोलणी गावात सुरू झाली होती, तो काळ. वळवणच्या बाजूला एका लहान बंगलीत एक निवृत्त ओव्हरसिअर आणि त्यांची धाकटी बहीण राहत. त्यांना मी काका म्हणत असे आणि बहिणीला माई. काकांची सगळी नोकरी कच्छच्या संस्थानात, विहिरी आणि रस्ते बांधण्यात गेली होती. विहिरी खणताना त्यांना दगडात वेटोळ्या आकृत्या सापडू लागल्या आणि त्यांनी पंचवीस वर्षं त्या गोळा केल्या. निवृत्त होऊन हवेसाठी लोणावळ्याला आले ते लाकडी पेट्यांत सहाशेच्या वर दगड घेऊन.

त्या आकृत्यांना अमोनाइट म्हणतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी कच्छवर समुद्र होता, त्या ज्युरासिक काळात शंखात राहणारा माकुळासारखा हा प्राणी होता. शंख मेंढ्याच्या शिंगासारखा गुंडाळलेला. प्राणी मेला, शंख गाळात रुतला, गाळाचा दगड झाला. देवघरातल्या शाळिग्रामाच्या पोटात जे चक्र दिसतं तेही याच कुळातलं, असं काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. माईंनी ते ऐकलं होतं. त्यामुळे कच्छहून आलेले सगळे दगड त्यांनी परातीत घेऊन धुतले तेव्हा, काका सांगत, प्रत्येकाला आधी नमस्कार केला. सहाशे नमस्कार.

काकांना चित्रकार हवा होता. अमोनाइटची ओळख पटवायची तर त्याच्या अंगावरच्या बरगड्या मोजाव्या लागतात, मधली बेंबी किती खोल आहे ते पाहावं लागतं, आणि शंखाच्या आतल्या पडद्यांची कवचावर उमटलेली नागमोडी शिवण जशीच्या तशी काढावी लागते. दोन शंख दिसायला सारखे असतात आणि शिवणीवरून वेगळे ठरतात. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका डोळ्याची शस्त्रक्रिया फसली होती आणि दुसऱ्याला ते हात लावू देत नव्हते. उजेड आणि माणसाची आकृती एवढंच त्यांना दिसे. मात्र बोटं अशी होती की दगड तळहातावर घेऊन अंगठा एकदा फिरवला की बरगड्यांचा आकडा सांगत. मी भिंगातून मोजून पाही. ते कधी चुकले नाहीत.

मी रोज शाळा सुटल्यावर आणि रविवारी सकाळी जात असे. हे काम मला फार आवडे, हेही कबूल केलं पाहिजे. शाळेत मी पेले आणि केळी काढायला शिकवत होतो, आणि इथे माझ्या पेन्सिलीखाली एक बुडालेला समुद्र येत होता.

रोज सकाळी दूध घालायला कुसगावचा एक गवळी येई. रविवारी आमची गाठ पडे. दगड पाहिले की त्याला राहवत नसे.

"मास्तर, येक इचारू का?" तो म्हणाला. "आमच्या मावळात दगडाला काय तोटा व्हता, म्हनून सायबांनी कच्छावरनं गाडीभर दगड आनलं?"

काका आतून ओरडले, "तुमचा काळा दगड आगीतून आलाय रे! त्यात जीव नाही."

"आन ह्यात हाय व्हय?"

"होता."

"मंग येक द्या की. म्हशीच्या आंबोणात घालतो. दूध वाढंल."

"आधी दुधात पाणी कमी घाल," माई चौकटीतून म्हणाल्या, "मग बघू दगड द्यायचा का ते."

"आवो माई, पानी म्या घालत न्हाई. पाऊसच लय पडतोय, त्याला काय करनार?"

माई हसल्या की तोंडावर पदर घेत. आठव्या वर्षी लग्न आणि अकराव्या वर्षी वैधव्य. तेव्हापासून त्या भावाकडे होत्या, कच्छमध्येही आणि इथेही. लिहिता-वाचता जेमतेम येई, पण दगडांची त्यांची स्वतःची वर्गवारी होती: बारीक वेढ्यांचे ते चकलीचे, फुगीर ते लाडवाचे, कडेला धार असलेले ते विळीचे. काका हसत, पण त्यांना हवा तो दगड माईच पेटीतून काढून देत.

आता चिठ्ठ्यांविषयी. प्रत्येक दगडाला एक आकडा होता. तोच आकडा काकांच्या कच्छमधल्या वहीत होता आणि त्यापुढे लिहिलेलं होतं की दगड कुठल्या टेकडीत, कुठल्या थरात सापडला. दोन थर महत्त्वाचे होते. दोन्ही बारीक दाणे एकत्र चिकटून झाल्यासारखे दिसणारे. खालच्या, म्हणजे आधीच्या थरातले दाणे सोनेरी, आणि वरच्या, म्हणजे नंतरच्या थरातले गंजक्या हिरवट रंगाचे. धूळ बसली, ऊन लागलं, की दोन्ही बाहेरून तपकिरीच दिसतात. कोणता अमोनाइट कोणत्या थरात हे पक्कं ठाऊक असेल तरच त्याला शास्त्रात किंमत. "चिठ्ठी गेली," काका म्हणत, "की तो खिडकीत ठेवायचा शोभेचा दगड."

कच्छमधल्या जुन्या चिठ्ठ्या पिवळ्या पडून गळू लागल्या होत्या. त्या बदलून नव्या लावायचं काम माझ्याकडे होतं. काकांचा नियम होता: आधी दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, तो वाळला की त्यावर काळ्या शाईने आकडा घालायचा, आणि मगच चिठ्ठी चिकटवायची. पावसाळ्यात रंग वाळेना. लहान दगडांचा एक खण राहिला होता. मी ठिपके पुढे ढकलले आणि नुसत्या चिठ्ठ्या लावल्या. रंग वाळत नाही एवढंच काकांना म्हणालो, किती दगड तसे राहिले ते सांगितलं नाही. डिंकाला बुरशी आली होती म्हणून माईंकडून वाटीभर कणीक मागून खळ शिजवली. मोरचुदाचं वर सांगितलंच.

त्यानंतर गणपतीच्या सुटीत मी गावी गेलो, तिथे ताप येऊन पडलो, आणि परत यायला महिना लागला. आल्यावर पहिल्यांदा तो खण ओढला. आतल्या एकोणीसही दगडांवर चिठ्ठी नव्हती. कुठे खळीचा पांढरा डाग होता, कुठे नखाएवढा कागद. एक झुरळ दगडावरून उतरून फटीत गेलं.

काका शेजारच्या खोलीत होते. मी हाक मारायची होती. तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात त्यांचाच आवाज आला, "मास्तर आले का? तुमच्याशिवाय महिनाभर आंधळा होतो हो." मी खण लोटून बंद केला.

पुढचे आठ-दहा दिवस मी ते दगड आणि वही समोर घेऊन जुळवाजुळव केली. वहीत प्रत्येकाचं थोडं वर्णन होतं: बरगड्या किती, कड कशी, कुठे तुटलंय. सोळा दगड मी त्यावरून ओळखले आणि ते बरोबर ओळखले असं आजही मला वाटतं. तीन दगड उरले. वहीतही तीन आकडे उरले. दोन खालच्या थरातले, एक वरच्या. वर्णन तिन्हींचं जवळपास एकच: "लहान, बरगड्या बारीक, तोंड मातीत बुजलेले." मी तिन्ही दगड खिडकीत नेऊन पाहिले. मग अंदाजाने तीन चिठ्ठ्या लिहिल्या, अक्षर जुन्यासारखं काढलं, आणि या वेळी खळीत मोरचूद घातला.

त्या हिवाळ्यात एका रविवारी काका खणातले दगड एकेक करून चाचपत होते. एकावर त्यांचा अंगठा थांबला. "इथे तोंडाशी काहीतरी आहे. मातीखाली. सुई घ्या."

मी तीन आठवडे सुईने कण कण माती उकरली. शंखाच्या तोंडाच्या दोन बाजूंना कानासारख्या दोन पातळ पट्ट्या पुढे आलेल्या निघाल्या. अमोनाइटमध्ये हे कान बहुतेक वेळा मोडून गेलेले असतात. काकांच्या पंचवीस वर्षांच्या संग्रहात असा पूर्ण एकही नव्हता. दगड त्यांच्या हातावर ठेवला तेव्हा त्यांनी दोन्ही कानांवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "आकडा?"

"एकशे बेचाळीस."

माई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "एकशे बेचाळीस खालच्या थरातलं ना? हा तो नव्हे, दादा."

"तुला काय माहीत?"

"मी धुतलाय ना. ह्याचं पाणी गंजकं हिरवट आलं होतं. खालच्या थरातल्यांचं पाणी हळदीसारखं येतं. आणि ह्याच्या पाठीवर हा खळगा आहे बघ, माझं बोट अडकलं होतं. हा वरच्यातलाच."

काकांनी मान माझ्याकडे वळवली. "मास्तर, चिठ्ठी काय म्हणते?"

त्या चिठ्ठीवर माझं अक्षर होतं आणि त्या अक्षराखाली माझा अंदाज. मला वाटतं, सगळं तिथे थांबवता आलं असतं. मी म्हणालो, "चिठ्ठीवर एकशे बेचाळीसच आहे, काका."

"ऐकलंस माई? पाण्याच्या रंगावर शास्त्र चालत नाही."

"बरं बाई," माई म्हणाल्या आणि सूप उचललं. "मी आपली खडे निवडते. तेवढं तरी मला कळतं."

काका हसले. मीही हसलो.

वरच्या थरातून असे कानाचे अमोनाइट क्वचित सापडले होते आणि परदेशी पुस्तकांत त्यांची नोंद होती. पण खालच्या थरातून कोणाला मिळाला नव्हता. तेव्हा हा निराळाच, आधीचा प्रकार असला पाहिजे, असं काकांनी ठरवलं. बरगड्यांतले लहान फरकही त्यांना मग मोठे वाटू लागले. त्यांनी मला इंग्रजीत निबंध सांगायला सुरुवात केली. मी लिहून घेई, वाचून दाखवी आणि चित्रं काढी. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली चित्रं आहेत.

नव्या प्रकाराला शोधणाऱ्याने नाव द्यायचं असतं. काकांनी माईंचं नाव द्यायचं ठरवलं, त्याला लॅटिन प्रत्यय लावून. "एकेक दगड तिने धुतलाय," ते मला म्हणाले. "माझी कशावर सही तरी होती. तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही."

माई आधी रागावल्या. "दगडाला माझं नाव? शोभतं का? लोक म्हणतील, म्हातारीला चळ लागला."

"लोक विलायतेतले आहेत. त्यांना तू म्हातारी आहेस हे कुठे ठाऊक आहे?" काका म्हणाले.

पण नंतर मी एकटा असताना त्या आल्या आणि म्हणाल्या, "ते कसं दिसेल रे, लिहिल्यावर?" मी जाड निबाने काढून दाखवलं. त्यांनी एकेक अक्षरावर बोट ठेवून विचारलं, "ह्यात मी कुठवर आणि शेपूट कुठून?" मी दाखवलं. त्यांनी हात पदराला पुसून तो कागद घेतला. पुढच्या महिनाभरात तीनदा तरी त्यांनी मला विचारलं असेल, विलायतेतून पत्र यायला किती दिवस लागतात.

निबंध विलायतेतल्या एका तज्ज्ञाकडे गेला, सोबत दगडाचा प्लास्टरचा ठसा. चार महिन्यांनी उत्तर आलं. चित्रांची स्तुती होती. शिवाय एक विनंती होती: शंखाच्या आत भरलेल्या खडकाचा छोटासा तुकडा पाठवता येईल का?

काका खूश झाले. "आतून काढा मास्तर, आतलं खरं. बाहेर ऊन-पाऊस लागलेला असतो."

मी बारीक छिन्नीने बेंबीतून तुकडा काढला. व्हरांड्यात उन्हात भिंगाखाली धरला. दाणे सोनेरी नव्हते. गंजके हिरवट होते. मी तो पुन्हा पुन्हा उलटवून पाहिला. आत काका गुणगुणत होते आणि माई विहिरीवर होत्या. मी तुकडा कापसात गुंडाळला, डबीत घातला आणि पोस्टात नेऊन टाकला. विलायतेतल्या माणसाला कदाचित एवढा फरक कळणार नाही, अशी आशा मी करत होतो. जगात ज्याला हा फरक सर्वांत जास्त कळतो त्याच माणसाला मी तो पाठवत होतो.

दुसरं पत्र आलं ते रविवारी मीच वाचून दाखवलं. ते सभ्य पत्र होतं. मी एकेक वाक्य इंग्रजीत वाचत होतो आणि माईंसाठी मराठीत सांगत होतो. काकांनीच तशी पद्धत पाडली होती. तुकड्यातला खडक निःसंशय वरच्या थराचा आहे. त्या थरातला हा प्रकार पूर्वीच नोंदलेला असल्याने नवीन नाव देता येणार नाही. आणि शेवटी लिहिलं होतं: संग्रहाच्या हाताळणीत चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली दिसते, आणि तसं असेल तर उरलेल्या नमुन्यांच्या थरांवरही विसंबून राहणं कठीण आहे.

मी पत्राची घडी घातली. काका खुर्चीत सरळ बसले होते.

"पेट्यांना कोण हात लावतं?" त्यांनी विचारलं.

माई माझ्या हातातल्या पत्राकडे बघत होत्या.

"माई, मी विचारतोय. मास्तर महिनाभर गावी होते तेव्हा पेट्या कोणी उघडल्या होत्या?"

"मी पुसल्या होत्या," माई म्हणाल्या. "बुरशी येते म्हणून. फडकं मारलं आणि जिथलं तिथे ठेवलं."

"चिठ्ठ्या ओल्या फडक्याने निघाल्या असतील. तू परत चिकटवल्यास का?"

"नाही रे दादा. मी कशाला चिकटवीन? आणि मी तर तेव्हाच म्हणाले होते की हा वरच्या..."

"म्हणजे तुला माहीत होतं!" काका ओरडले. त्यांना असं रागाने ओरडताना मी तेव्हाच पाहिलं. "आधी घोटाळा करून ठेवलास आणि मग मला पाण्याचे रंग सांगत बसलीस!"

माईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मदतीसाठी पाहिलं, कारण खोलीत तिसरा माणूस मीच होतो. मी पत्राची आणखी एक घडी घातली.

"मला आठवत नाही," माई शेवटी म्हणाल्या. "असेल. एखादी निघाली असेल हातून."

त्या दिवसापासून पेट्यांच्या खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली काकांच्या जानव्याला. पण खोलीत करायला काही उरलं नव्हतं. एक चिठ्ठी खोटी ठरली तर सहाशे चिठ्ठ्यांवर कोण विश्वास ठेवणार? त्यांना स्वतःलाच तो राहिला नाही. मी दोनदा म्हणालो, "काका, बाकीच्यांचं काम आपण करून दाखवू." ते म्हणाले, "कशाच्या आधारावर?" आधार होता. एकोणीस दगड सोडून बाकी सगळ्यांवर शाईचे आकडे होते. पण ते एकोणीस वेगळे का काढायचे हे सांगितल्याशिवाय मला त्यांना ते पटवता येत नव्हतं, आणि ते मी सांगत नव्हतो. हळूहळू मी रोजच्याऐवजी फक्त रविवारी जाऊ लागलो, मग एक सोडून एका रविवारी. काका अंगणात बसलेले असत. माई ताट वाढून ठेवत. काका जेवत. कुठे मीठ जास्त, कुठे भात कच्चा, एवढंच त्यांच्यात बोलणं.

तीन वर्षांनी काका गेले. मी खांदा दिला. माई तळेगावला काकांच्या पुतण्याकडे राहायला गेल्या. पुतण्याने दगड एका कॉलेजला देऊ केले. कॉलेजने दोन महिन्यांनी कळवलं की ठिकाणांबद्दल शंका असलेला संग्रह घेता येत नाही. पेट्या बंगलीतच राहिल्या. पुढे बंगली भाड्याने गेली.

माझी मात्र बढती झाली, लग्न झालं, मुलं झाली. बाहेरून पाहणाऱ्याला माझ्या आयुष्यात काही खोट दिसणार नाही. कच्छचं नाव निघालं की मी विषय बदलतो, हे बायकोच्या लक्षात आलं आहे. त्याचं कारण मात्र तिने कधी विचारलं नाही.

लढाईच्या दिवसांत एकदा बाजारात तो कुसगावचा गवळी भेटला. म्हातारा झाला होता, पण बोलणं तेच.

"मास्तर, तुमच्या सायबाचं दगड बघितलं का? नव्या भाडेकरूनं फुलझाडांच्या आळ्याला लावल्यात. लय झ्याक दिसत्यात."

मी काहीतरी म्हणालो.

"माई बी भेटल्या म्हयन्यामागं. माझी लेक परंदवडीला दिलीया, तिच्यासंगट तळेगावच्या बाजारात गेलतो. लय वाळल्यात. म्या म्हनलं, आजारी हाय का? तर पुतन्याची बायकू म्हनली, आत्याबाई एकादशा करत्यातच, वर आणिक सायेब गेल्याल्या तिथीला दर म्हयन्याला आळणी जेवत्यात. म्या म्हनलं, का ओ माई? तर म्हनल्या, दादाचं आयुष्याचं काम माझ्या फडक्यानं बुडालं, त्याचं हाय ते."

"असं म्हणाल्या?"

"व्हय. आन तुमची चौकशी केली. मास्तर लय भला मानूस, म्हनल्या. दादाला शेवटपत्तुर त्यानं धरून ठिवलं."

मी तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसलो. गवळी म्हणाला, "ऊन लागलं का?" मी हो म्हणालो.

इतकी वर्षं मी स्वतःची एक समजूत घालत आलो होतो: काका गेले, आता कोणाचं काही बिघडत नाही. पण माई दर महिन्याला जेवायला बसत होत्या. त्यांनी धुताना जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते खरं होतं आणि त्या स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवून बसल्या होत्या. तेही माझ्या शब्दाखातर, कारण चिठ्ठी वाचणारा मी होतो.

तरीही मी लगेच गेलो नाही. शाळेच्या परीक्षा होत्या, मुलीला गोवर होता. ही कारणं खरी होती आणि मी ती पुढे करत होतो. अडीच महिने गेले. मग एका शनिवारी दुपारच्या गाडीने तळेगावला गेलो.

पुतण्याचं घर दोन खोल्यांचं. मुलं खेळायला गेलेली, सून धुणं वाळत घालत होती. माई मागच्या पडवीत पोत्यावर बसून वाती वळत होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मग "मास्तर!" म्हणून उठायला गेल्या. मी उठू दिलं नाही, समोर जमिनीवर बसलो. त्यांनी मुलांची नावं विचारली, पगार वेळेवर होतो का विचारलं, चहा ठेव म्हणून सुनेला सांगितलं. मी म्हणालो, चहा नको, आधी ऐका.

आणि मी सांगितलं. पावसापासून सुरुवात केली. खळ, खण, झुरळ, एकोणीस दगड, वहीतले उरलेले आकडे. तीन दगडांशी आलो तेव्हा त्यांचे हात थांबले. व्हरांड्यात मी भिंगाखाली काय पाहिलं ते सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं. मी कुठेही थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर काहीतरी सौम्य करून सांगितलं असतं.

माझं सांगून झालं. बाहेर दोरीवर धुणं झटकल्याचा आवाज येत होता.

"म्हणजे पाणी हिरवंच आलं होतं," त्या म्हणाल्या.

"हिरवंच."

"दादाला सांगितलंस?"

"नाही."

"तीन वर्षं तो अंगणात बसून होता. तू यायचास. रविवारी यायचास."

"हो."

"मला म्हणायचा, तुझ्या हातचं पाणी प्यायलाही भीती वाटते, न जाणो त्यातही काय मिसळशील." त्यांनी वातींची ताटली बाजूला सारली. "तो गेला तेव्हाही मी पायाशी होते, तोंडात पाणी त्याच्या पुतण्याने घातलं. आता मला येऊन सांगतोस. मी काय करू रे ह्याचं?"

  दगड आळ्यात पुरले गेले होते, वही कुठे गेली कोणालाच ठाऊक नव्हतं, काकांना परत बोलवता येत नव्हतं आणि माईंची ती वर्षंही परत देता येत नव्हती. माझ्या बोलण्याने यातलं काही हलणार नव्हतं, हे मला तिथे बसल्या बसल्या स्वच्छ दिसत होतं. तरी जे बोलायला आलो होतो ते बोलणं भाग होतं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, हातही ठेवला नाही.

"माई," मी म्हणालो, "तुम्ही त्या चिठ्ठ्यांना हात लावला नव्हता. तुम्ही खरं सांगत होता आणि मी खोटं बोललो. काकांनी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी गप्प बसलो. सगळा दोष माझा आहे. मला क्षमा करा."